हवेतले नत्र आणि पोत्यातले नत्र

२०२५ च्या खरिपात कर्नाटक, तेलंगण आणि मध्य प्रदेशात युरियासाठी सोसायट्यांच्या दारात रांगा लागल्या, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आणि काहींनी त्या रांगेत उभे राहून पाहिले. भाताला दुसरा हप्ता द्यायची वेळ झालेली, पाऊस दोन दिवस उघडलेला, आणि गोदामात पोते नाही. अशाच एका रांगेत एका वयस्क शेतकरीमामांनी मला थांबवले. नातवाच्या पुस्तकातला धडा त्यांच्या चांगला ध्यानात होता. ते म्हणाले, "काय ओ मास्तर, हवेत पाच वाट्यांतलं चार वाटं नत्रच हाय म्हणतासा. मग तेवढं सोडून आम्ही हितं पोत्यासाठी उभं का म्हणून ऱ्हायाचं?"

प्रश्न साधा नाही. त्याचे उत्तर देता देता निम्म्या जगाचा प्रवास करावा लागतो. तो आज या पानावर करू.

मामांचा हिशेब बरोबर आहे. आपल्या एका एकर शेताच्या डोक्यावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे ३१ हजार टन नत्र आहे. भाताच्या एका पिकाला त्यातले पन्नासएक किलो मिळाले तरी पुरे. पण हवेतल्या नत्राचे दोन दोन कण एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की पिकाच्या मुळाला ते सुटत नाहीत. ती गाठ निसर्गात मुख्यतः दोघेच सोडवतात. एक वीज, तीही थोडी. दुसरे म्हणजे मातीतले काही सूक्ष्म जीव. चवळी, भुईमूग, ताग यांच्या मुळावरच्या गाठींत हेच जीव राहतात. आपले आजोबा भातानंतर चवळी किंवा कुळीथ टाकत, गोठ्यातले खत गाडीने शेतात नेत, गोव्याच्या किनाऱ्यावर माडाच्या आळ्यात कुजकी मासळी पुरत. नत्र हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण त्याचा व्यवहार पक्का ठाऊक होता.

माणसे वाढली तसा हा व्यवहार अपुरा पडू लागला, आणि तो आधी युरोपात अपुरा पडला.

चिलीचे वाळवंट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातले शेतकरी दक्षिण अमेरिकेतून नत्र आणू लागले. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साठले होते. पाऊस पडत नसल्यामुळे ते धुऊन गेले नव्हते. त्याला ग्वानो म्हणत. काही दशकांत ते डोंगर खरवडून संपले. मग पाळी आली अटाकामाच्या वाळवंटातल्या सोऱ्याची. या सोऱ्यावरून आणि त्या भूमीवरून १८७९ साली चिली एका बाजूला आणि पेरू-बोलिव्हिया दुसऱ्या बाजूला अशी लढाई जुंपली. चिली जिंकला. पुढची तीसचाळीस वर्षे सोऱ्यावरच्या निर्यातकरातून त्या देशाच्या सरकारी तिजोरीत मोठी भर पडत राहिली. म्हणजे त्या काळी जगाच्या नत्राची किल्ली एकाच देशाच्या हाती होती.

या गोष्टीची भीती वाटून सर विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९८ साली ब्रिस्टल येथील भाषणात इशारा दिला, की गहू खाणाऱ्या देशांची तोंडे वाढत आहेत, चिलीचा सोरा कायम पुरणारा नाही, आणि हवेतले नत्र बांधण्याची युक्ती रसायनशास्त्राने काढली नाही तर उपासमार ठरलेली आहे.

युक्ती निघाली, एक सोडून तीन. नॉर्वेमध्ये बिर्केलांड आणि आयडे या दोघांनी १९०३ पासून विजेच्या प्रचंड ठिणगीतून हवा नेऊन सोरा बनवला. म्हणजे आकाशातली वीज त्यांनी कारखान्यात आणली. पण या रीतीला वीज एवढी लागे, की जिथे धबधब्याची वीज मातीमोलाने मिळते त्या नॉर्वेबाहेर ती फारशी रुजली नाही. दुसरी रीत कॅल्शियम कार्बाइडची, तिलाही वीज भरपूर लागे. तिसरी रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी काढली. १९०९ च्या जुलैमध्ये कार्ल्सरुहे येथील प्रयोगशाळेत त्यांनी नत्र आणि हायड्रोजन हे दोन वायू मोठ्या दाबाखाली, तापलेल्या धातूवरून फिरवून अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. बीएएसएफ कंपनीच्या कार्ल बॉश यांनी त्या थेंबांची धार केली. हाबर यांनी वापरलेला धातू दुर्मिळ होता. त्याऐवजी स्वस्त पदार्थ शोधण्यासाठी आल्विन मिटाश यांनी हजारो प्रयोग केले आणि शेवटी साधे लोखंडच, त्यात थोडे इतर पदार्थ मिसळून, उपयोगी पडले. सप्टेंबर १९१३ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या कारखान्यातून शेताला खत मिळते न मिळते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तेच नत्र तोफगोळ्यांकडे वळले. खताचे रसायन आणि दारूगोळ्याचे रसायन सख्खी भावंडे आहेत. ओपाऊच्या आवारातच २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली. १९४७ साली अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात पुन्हा तेच झाले. आपण वापरतो त्या युरियाला हा धोका नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ही गोष्ट अमोनियम नायट्रेटची आहे.

खरी मोलाची वस्तू कोणती?

आता मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती आले. हवा फुकट आहे, सगळ्या देशांत सारखीच आहे. पण तिच्यातल्या नत्राला जोडायला जो हायड्रोजन लागतो तो फुकट नाही. तो पाण्यातून, लाकडातून, कोळशातून, नाफ्त्यातून किंवा नैसर्गिक वायूतून काढावा लागतो. कोणत्या मुलखात नत्राचे खत किती निघते, कधी वाढते, कधी बसते, हे पाहायचे असेल तर तिथल्या हवेकडे किंवा शेताकडे पाहू नये. कारखान्याच्या तोंडात काय घातले जाते ते पाहावे. गेल्या शंभर वर्षांचा सगळा नकाशा या एका किल्लीने उघडतो.

जर्मनीकडे कोळसा होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ओपाऊ आणि १९१७ साली उभा राहिलेला लॉयना हे दोन कारखाने मिळून जर्मनी नत्रात जगात पहिल्या क्रमांकावर होता. चिलीच्या वाळवंटातली सोऱ्याची गावे एकामागून एक ओस पडत गेली. त्यांतील हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही दोन आज जागतिक वारसा म्हणून नुसती पाहायला ठेवली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारडे अमेरिकेकडे झुकले. युद्धासाठी उभारलेले अमोनियाचे कारखाने रिकामे झाले आणि ते खताला लावले गेले. शिवाय टेक्सास-लुइझियानामध्ये नैसर्गिक वायू इतका स्वस्त होता की कोळशाची राख उपसत बसण्याचे कारण उरले नाही. १९६० च्या दशकात नव्या प्रकारचे कॉम्प्रेसर आले आणि एकाच रांगेतून दिवसाला हजार टन अमोनिया निघू लागला. ओपाऊला सुरुवातीला दिवसाला तीसएक टनांची आखणी होती, यावरून झेप लक्षात यावी. इंधनही कमी लागू लागले. एक टन अमोनियाला आज चांगल्या कारखान्यात जेवढी ऊर्जा लागते, तिच्या तिप्पट-चौपट त्या पहिल्या कारखान्यांना लागत असे.

पुढे सोव्हिएत संघाने आपल्या वायूच्या बळावर अमेरिकेला मागे टाकले. वोल्गाकाठच्या तोल्याती गावापासून काळ्या समुद्रावरील ओदेसापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची नळी घालून त्यातून अमोनिया वाहवला, असे प्रचंड काम ते करत. १९८० च्या दशकात तो संघ नत्रात पहिला होता. १९९१ साली संघ मोडला तेव्हा कारखाने राहिले पण सामुदायिक शेतांकडे खत घ्यायला पैसा राहिला नाही, आणि तेथील खताचा वापर कोसळला. खत मग जहाजाने परदेशी जाऊ लागले. ती लांबलचक नळी फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्याबरोबर बंद पडली.

चीन आणि आपण

खरी तुलना करावी ती चीनशी. दोन्ही देश मोठे, दोन्हींकडे भात, दोन्हींकडे खाणारी तोंडे अफाट, आणि दोघांनीही १९५० च्या सुमारास जवळजवळ शून्यातून सुरुवात केली.

चीनने दोन पायांवर चालायचे ठरवले. हौ दबांग या रसायनशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एक लहान, ओबडधोबड कारखान्याचा नमुना बसवला. तालुक्याच्या गावी, जवळच्या खाणीतल्या कोळशावर चालणारा हा कारखाना अमोनियम बायकार्बोनेट बनवी. खत हलके. त्यात नत्र फक्त १७ टक्के, उन्हात उघडे ठेवले तर उडून जाई, आणि वास असा की पोते दुरून कळावे. पण ते तिथेच बने आणि तिथल्याच शेतात जाई. असे हजाराहून अधिक कारखाने निघाले. तरीही १९५९ ते १९६१ च्या भयंकर दुष्काळात, ज्यात कोट्यवधी माणसे मेली, हे कारखाने पुरेसे नव्हते. तो दुष्काळ मुख्यतः राज्यकर्त्यांच्या धोरणाने ओढवला होता हेही खरे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीनला जाऊन आल्यावर चीनने दुसरा पाय टाकला. एकदम १३ मोठे अमोनिया-युरियाचे कारखाने परदेशी कंपन्यांकडून विकत घेतले. १९८० साली चीनचे नत्राचे उत्पादन सुमारे १ कोटी टन होते. त्याच सुमारास, १९८०-८१ मध्ये, आपले होते २१ लाख ६४ हजार टन. १९९० च्या दशकात चीन जगात पहिला झाला आणि आजही आहे. तिथे २०२३ साली ६ कोटी टनांच्या वर युरिया निघाला, आणि तो मुख्यत्वे कोळशापासून.

याची दुसरी बाजू अशी, की चीनच्या शेतकऱ्यांनी पुढे खत गरजेबाहेर टाकले. तळी हिरवी झाली, जमिनी आंबट झाल्या. २०१५ साली त्यांच्या सरकारने खताचा वापर आणखी वाढू द्यायचा नाही असे धोरण ठरवले. आणि २०२१ नंतर निर्यातीवर बंधने आली. आपल्या २०२५ च्या रांगेची एक दोरी तिथे बांधलेली होती. चीनकडून येणारा युरिया जवळजवळ थांबला होता, इकडे पाऊस चांगला झाल्याने भात आणि मका वाढला, आणि देशातले काही कारखाने दुरुस्तीला बंद होते.

आता आपल्या देशाचा नकाशा पाहू. या पानाचे वाचक बेळगाव-खानापूरपासून गोवा, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत, आणि गंमत अशी की जवळजवळ प्रत्येकाच्या शेजारी खताचा एकेक कारखाना आहे. प्रत्येकाची चूल वेगळ्या सरपणावर पेटलेली.

'सरपण' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. त्रावणकोरात आलुव्याजवळ फॅक्ट या कंपनीचा कारखाना १९४७ साली चालू झाला तेव्हा खरोखरच त्यात लाकूड जाळून वायू काढत. दुसरे काही जवळ नव्हते. जंगल होते. ते किती दिवस पुरणार होते हा प्रश्न वेगळा.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर मोठा सरकारी कारखाना काढायचे ठरले. तो बिहारात, म्हणजे आताच्या झारखंडात, सिंद्री येथे कोळशाच्या खाणींजवळ उभा राहिला. १९५१ च्या अखेरीस तिथे अमोनियम सल्फेट निघू लागले. जुन्या लोकांना त्याची साखरेसारखी पांढरी पोती आठवत असतील. त्यात नत्र २०-२१ टक्के. आजच्या युरियात ४६ टक्के असते. ४५ किलोच्या आजच्या एका पोत्यातले नत्र त्या वेळी मिळवायचे तर सल्फेटची १०० किलो वाहावी लागत.

पंजाबात नांगल येथे १९६१ साली भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढला. नॉर्वेने जे रिऊकान येथे केले तेच हे. दोन्ही ठिकाणी जोडीला जड पाणीही मिळाले. रिऊकानचे जड पाणी जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून नॉर्वेच्या तरुणांनी १९४३ साली बर्फातून जाऊन तिथली यंत्रे उडवली, ती गोष्ट पुष्कळांनी चित्रपटात पाहिली असेल. पाण्यातून हायड्रोजन काढला की एक अडचण येते. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कर्बवायू लागतो. कोळसा किंवा नाफ्ता वापरला तर तो आपोआप मिळतो, पाण्यातून मिळत नाही. म्हणून नांगलने युरिया न काढता चुनखडीमिश्रित नायट्रेट काढले. हल्ली सौरऊर्जेवरच्या हिरव्या अमोनियाचा बोलबाला आहे, त्यालाही हीच अडचण आहे. नांगलला पुढे विजेची ओढाताण झाली, घरे आणि गिरण्याही त्याच विजेच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या, आणि १९७८ साली तिथे इंधन तेलावरचा नवा कारखाना उभारावा लागला.

बडोद्याचा गुजरात राज्य खत कारखाना १९६७ साली सुरू झाला. कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा शेजार त्याला लाभला. गोव्यात सांकवाळच्या पठारावर झुआरीचा कारखाना १९७३ मध्ये युरिया काढू लागला. नाफ्ता मुरगाव बंदरातून येई. 'जय किसान'चे पोते घाट चढून बेळगाव, धारवाडकडे येई. मंगळूरचा 'मंगला' १९७६ पासून. नाफ्त्यावर कारखाने काढायचे ठरले तेव्हा नाफ्ता ही तेलशुद्धीतून उरणारी स्वस्त वस्तू होती. झुआरी सुरू झाला त्याच वर्षी अरब देशांनी तेलाचा भाव चौपट केला! शेतकऱ्याला परवडेल असा भाव आणि कारखान्याला पडणारा खर्च यांतले अंतर भरून काढायला सरकारने १९७७ च्या नोव्हेंबरात प्रत्येक कारखान्याला वेगळी किंमत ठरवून द्यायला सुरुवात केली. युरियावरील अनुदानाची मुळे तिथे आहेत.

मग मुंबई हायचा वायू आला आणि चित्र पालटले. रायगड जिल्ह्यात थळ, गुजरातेत हजिरा हे कारखाने १९८० च्या दशकाच्या मध्यास उभे राहिले. हजिऱ्याहून उत्तरेकडे जगदीशपूरपर्यंत नळी गेली. ग्वाल्हेरकर वाचकांना माहीत असेल, गुना जिल्ह्यातील विजयपूरचा कारखाना १९८८ साली त्याच नळीवर चालू झाला. मुंबईच्या समुद्रातला वायू माळव्याच्या गव्हात जाऊ लागला तो असा.

आकडे पाहिले की हा बदल डोळ्यांत भरतो. १९५१-५२ मध्ये साऱ्या देशात ३० हजार टनांच्या आतच नत्र निघाले. १९६०-६१ मध्ये सुमारे १ लाख टन. १९७०-७१ मध्ये ८ लाख ३० हजार. १९८०-८१ चा आकडा वर दिलाच आहे, आणि त्या वर्षी वापर मात्र ३६ लाख ७८ हजार टन होता, उरलेले सारे परदेशी जहाजावर अवलंबून. १९९०-९१ मध्ये उत्पादन ६९ लाख ९३ हजार टन. म्हणजे १९८० च्या एका दशकात तिपटीहून अधिक वाढ. ती वायूची करामत. २०००-०१ पर्यंत ते १ कोटी ९ लाखांच्या पुढे गेले आणि वापराची बरोबरी झाली.

हैदराबादकडच्या वाचकांची गोष्ट मात्र उलटी आहे. रामगुंडम येथे खाणीच्या काठावर, कोळशावर चालणारा कारखाना १९८० साली निघाला. चीनला जे कोळशावर जमले ते इथे जमावे अशी आशा होती. वीज तुटे, यंत्रे रुसत, उत्पादन कधीच ठरल्याप्रमाणे निघाले नाही. १९९९ साली तो बंद पडला. सिंद्रीही २००२ मध्ये बंद झाला. बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांचे काय होते ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. रामगुंडम २०२१ साली पुन्हा सुरू झाला, पण कोळशावर नव्हे, नळीतून दुरून आलेल्या वायूवर. सिंद्रीही आता वायूवर चालतो. झुआरीच्या कारखान्याला २०१३ साली दाभोळकडून वायू मिळाला. २०२२ पासून तो पारादीप फॉस्फेट्सच्या मालकीचा आहे.

या सगळ्याचा परिणाम म्हणून २०१४-१५ मध्ये देशात २२५ लाख टन युरिया निघे तो २०२३-२४ मध्ये ३१४ लाख टन झाला. युरियात चीनच्या खालोखाल आपण आहोत. वर्तमानपत्रे याला स्वावलंबन म्हणतात. मला एवढे सोपे वाटत नाही. त्या वर्षीही ७० लाख टन युरिया बाहेरून आणावा लागला. शिवाय कारखाना आपला असला तरी त्यात जाणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा द्रवरूपात जहाजाने परदेशातून येतो, त्यात कतार मोठा. पूर्वी पोते आणत होतो, आता पोत्याचे सरपण आणतो. ओमानमध्ये सूर येथे तर इफ्को आणि कृभको या आपल्या सहकारी संस्थांनीच भागीदारीत कारखाना घातला, आणि तिथला युरिया इकडे आणला. ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट, कारण सरपण जिथे आहे तिथेच चूल मांडलेली बरी.

सरपण महाग झाले की काय होते ते २०२२ साली युरोपात दिसले. रशियाचा वायू आटला, भाव भडकले, कारखाने बंद ठेवावे लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथील आपला एक अमोनिया कारखाना कायमचा बंद करण्याचे जाहीर केले. ओपाऊ हे त्याच शहराचा भाग. जिथे हवेतले नत्र बांधायची सुरुवात झाली त्याच गावी! अमेरिकेने उलट अनुभव घेतला. २००० नंतर वायू महागला तेव्हा तिथले कारखाने बंद पडले आणि ती त्रिनिदादच्या अमोनियावर जगू लागली. पुढे खडकातला वायू निघाला आणि कारखाने परतले. आफ्रिकेत वायू असून खत अगदी थोडे वापरले जाते. नायजेरियात लेक्की येथे २०२२ साली वर्षाला ३० लाख टनांचा युरिया कारखाना सुरू झाला, पण त्यातला बराच माल ब्राझीलसारख्या देशांना जातो. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडे पोत्याला पैसे नसतात.

आपल्याकडे पोत्याचा भाव अनेक वर्षे जागचा हललेला नाही, तो अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या घरात आहे. म्हणून शेतकऱ्याला जगातल्या भावाची झळ कळत नाही. कळते ती रांगेतून. २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले. हा पैसा आपलाच.

निम्मे जाते कुठे?

एवढी जग-परिक्रमा करून आलेले नत्र आपण शेतात कसे टाकतो? भाताच्या खाचरात पाणी भरलेले असताना दुपारच्या उन्हात युरिया फेकला की त्यातला बराच अमोनिया होऊन पुन्हा हवेत जातो. काही पाण्याबरोबर खाली झिरपतो. पिकाच्या वाट्याला निम्म्याहून कमी येतो. मामा ज्या पोत्यासाठी दोन सकाळी उभे राहिले त्यातले अर्धे पोते अशा रीतीने जाते.

यावर जुनी युक्तीच चांगली. खाचरातले पाणी काढून चिखल ठेवावा. एक वाटा युरिया पाच ते दहा वाटे ओलसर मातीत मिसळून एक दिवस सावलीत ढीग करून ठेवावा आणि मग संध्याकाळी फोकावा, पायाने किंवा कोळप्याने मातीत घालावा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आत घ्यावे. सारा हप्ता एकदम देऊ नये. तीन वेळा द्यावा, लावणीच्या वेळी, फुटवे येताना आणि पोटरीत येण्याच्या सुमारास. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, त्यामुळे तो थोडा सावकाश विरघळतो, पण त्याच्या भरवशावर हे कष्ट टाळू नयेत. बांधावर गिरिपुष्प लावले असेल तर लावणीआधी त्याचा पाला चिखलात तुडवावा. एका पोत्यातल्या नत्राला सुमारे चार टन शेणखत लागते हे खरे, तेवढे आज कोणाच्या गोठ्यात नसते. पण शेणखत माती धरून ठेवते आणि धरलेल्या मातीत पोत्यातले नत्रही टिकते.

विहीर आणि गोठा

झिरपलेले नत्र जाते विहिरीत. हा भाग घरातल्या बायामाणसांनी अवश्य वाचावा. १९४५ साली अमेरिकेतील आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांना काही तान्ही मुले निळी पडलेली आढळली. ओठ निळे, नखे निळी, आणि हृदयात दोष काही नाही. त्यांना वरच्या दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून देत, आणि त्या पाण्यात नायट्रेट खूप होते. त्यामुळे लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला हा धोका मोठ्या माणसाहून पुष्कळ जास्त. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उथळ विहीर, तिच्या वरच्या अंगाला भाजीपाल्याचे किंवा उसाचे भरपूर खत घातलेले शेत, किंवा जवळच उकिरडा अथवा संडासाचा खड्डा असेल तर पावसाळ्यानंतर पाणी तपासून घ्यावे. नायट्रेटला रंग, वास, चव काही नाही. पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते. कित्येक आया काळजीने पाणी जास्त वेळ उकळतात, त्यांना हे सांगायला हवे. आईचे दूध पिणाऱ्या बाळाला ही भीती नाही. बाळ निळसर दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, उपचार आहे आणि तो लवकर गुण देतो.

गोठ्यातला धोका याहून झटपट. युरिया कालवलेल्या बादलीत गाय तोंड घालते, किंवा फाटक्या पोत्यातून सांडलेला युरिया मिठासारखा चाटते. अर्ध्याएक तासात लाळ गळते, पोट फुगते, अंग थरथरते, पाय लडबडतात. पोटात अमोनिया झालेला असतो. गुरांच्या डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. ते येईपर्यंत, जनावर उभे असून गिळू शकत असेल तर, भरपूर थंड पाण्यात व्हिनेगर घालून हळूहळू पाजतात. मोठ्या जनावराला दोन ते चार लिटर व्हिनेगर लागते, म्हणून किती द्यायचे ते डॉक्टरांना फोनवर विचारून घ्यावे. आंबट पदार्थ अमोनियाला मारतो. गोव्याकडच्या घरात माडाच्या सुरेचे व्हिनेगर बरणीत असतेच, बेळगावकडे मात्र मुद्दाम आणून ठेवावे लागेल. जनावर आडवे पडले असेल तर तोंडातून काही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आणि फवारणीसाठी युरिया ज्या बादलीत कालवता ती बादली गोठ्यात नेऊ नका, कितीही वेळा विसळली असली तरी.